खालची चौकट

माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या नेहमी बरोबर असतात. ही तक्रार आहे, कौतुक समजू नका. कायम बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर एका घरात राहून बघा, म्हणजे कळेल. दूध उतू जाणार असं त्या म्हणाल्या की ते जातंच. पाहुणे आज येणार नाहीत म्हणाल्या की ते येत नाहीत, आणि मी केलेला जास्तीचा स्वयंपाक माझ्याकडे बघत बसतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मनाशी ठरवलं होतं की या बाईची एक तरी चूक पकडल्याशिवाय राहायचं नाही. त्या नादात माझे निम्मे केस पांढरे झाले.

मी त्यांना ताई म्हणते. आम्ही दोघी एकाच डोळ्यांच्या हॉस्पिटलात कामाला आहोत आणि तिथं त्यांना सगळे चौकटताई म्हणतात. हे नाव का पडलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या चौकटींमुळेच झालं.

मोतीबिंदू काढला की त्या जागी डोळ्यात एक इवलंसं भिंग बसवतात. प्रत्येक डोळ्याला आपापल्या मापाचं भिंग लागतं. आदल्या दिवशी एक मशीन डोळ्याचं माप घेतं आणि त्यावरून भिंगाचा नंबर निघतो. या भिंगांच्या डब्या नंबराप्रमाणे कपाटात लावलेल्या असतात. ते कपाट ऑपरेशन थिएटरला लागून असलेल्या खोलीत आहे आणि त्या खोलीची मी मालकीण. माझ्या परवानगीशिवाय तिथली डबी हलत नाही. मोठ्या डॉक्टरबाईसुद्धा दारात उभ्या राहून मागतात.

माझ्या टेबलावर एक कॉम्प्युटर आहे. त्यात हॉस्पिटलचं पान उघडलं की पडद्याचे तीन भाग दिसतात. डावीकडे उभी चौकट, तिच्यात त्या दिवशीची यादी. यादीतल्या नावावर क्लिक केलं की उजवीकडे वरच्या चौकटीत पेशंटचं नाव आणि कुठला डोळा ते येतं, आणि खालच्या चौकटीत भिंगाचा नंबर. वरचं उत्तर झटकन येतं. खालच्याला एक श्वासभर वेळ लागतो, कारण सर्व्हरला तो नंबर मापाच्या मशीनकडून मागून आणावा लागतो.

आता हे वाचताना सोपं वाटतं. पण सुरुवातीला ज्या कंपनीनं हे करून दिलं होतं तिनं आमचा नुसता छळ मांडला होता. नावावर क्लिक केलं की उत्तर भलतीकडेच जायचं. कधी नवीनच खिडकी उघडायची, आणि दुपारपर्यंत पडद्यावर खिडक्यांचा ढीग साचायचा. कधी नंबर यायचा तो थेट यादीच्या जागी, आणि यादी गायब. एकदा तर अख्खं पान त्याच पानाच्या एका चौकटीत जाऊन बसलं, त्याच्या आत पुन्हा तेच पान, आणि मी डोळे चोळत बसले की मोतीबिंदू मला झालाय की काय.

ताई तेव्हा खाली नोंदणीच्या खिडकीवर होत्या. कंपनीचा माणूस फोन उचलेना, तेव्हा यांनी पदर खोचला. घरी जेवणं झाली की हे सगळं शिकायला कॉम्प्युटरसमोर बसायच्या, सुट्टीच्या दिवशी बसायच्या, समोर वाढलेला चहा गार व्हायचा. दादा, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणायचे की मला घरात एक सवत आलीय आणि ती विजेवर चालते. काही महिन्यांनी ताई हॉस्पिटलच्या मुख्य बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे मी नीट करते, मला वरची रिकामी खोली द्या. परवानगी मागितली असं काही त्यांच्या आवाजात नव्हतं. खोली मिळाली.

त्यांनी काय केलं ते मला जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, समज, सर्व्हर म्हणजे वाढणारी बाई. आपण काही मागितलं की ती वाढते. पण कुणाच्या ताटात वाढायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ती समोर दिसेल त्या ताटात वाढत होती. आता मी प्रत्येक उत्तराच्या कपाळावरच लिहून पाठवते की तू अमुक चौकटीत जा. नाव वरच्या ताटात, नंबर खालच्या ताटात. यादीच्या ताटाला कुणी हात लावायचा नाही.

मी विचारलं, "आणि पातेल्यात काहीच नसलं तर?"

"तर ताटाला हात लावायचा नाही. आहे ते तसंच राहतं."

हेही त्यांनी उगाच केलं नव्हतं. आधी माप व्हायच्या आतच कुणी नावावर क्लिक केलं की खालची चौकट पांढरीफटक व्हायची. मशीन बंद पडलं असं वाटून आमच्या सगळ्या सिस्टर वरच्या खोलीत फोन करायच्या. ताईंना जेवायला फुरसत मिळेना. मग त्यांनी तशी सोय केली की सांगण्यासारखं काही नसेल तर सर्व्हरनं गप्प बसावं आणि चौकट आहे तशी राहावी. फोन बंद झाले. सगळ्या खूश झाल्या.

त्या दिवसापासून चौकटी अगदी शिस्तीत वागायला लागल्या. आमच्या खोलीत एक रिवाजही पडला. डबी काढायच्या आधी मी वरची चौकट मोठ्यानं वाचायची आणि माझी जोडीदारीण सिस्टर खालची वाचायची. मी नाव म्हणायचं, तिनं नंबर म्हणायचा, मग डबी कपाटातून बाहेर. एकीची नजर चुकली तरी दुसरी आहे, असं आम्हाला वाटायचं. कधी कुणी शंका काढली तर ताई एवढंच म्हणायच्या, "माझ्या चौकटी खोटं बोलत नाहीत." आणि शंका काढणारा निमूट परत जायचा.

घरातसुद्धा त्यांचा असाच कारभार. त्यात एकच माणूस त्यांना पुरून उरायचं, आमच्या सासूबाई. सासूबाई भांडत नाहीत, नकार देत नाहीत, त्या नुसत्या गप्प बसतात. पडदे बदलायचे का, गप्प. माडीवरची खोली भाड्यानं द्यायची का, गप्प. ताई विचारायच्या, ओढणी सारखी करायला लागतो तेवढा वेळ थांबायच्या आणि म्हणायच्या, "ठरलं तर." मग पडदे बदलले जायचे. सासूबाई त्या नव्या पडद्यांकडे बघत कोपऱ्यातल्या खुर्चीत विणत बसायच्या. मला वाटायचं, छान जमलंय या दोघींचं.

सासूबाईंचा एक डोळा लहानपणीच खेळताना गेलेला. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी संसार केला, मुलं वाढवली, विणकाम केलं, आणि माझ्या भाकऱ्यांच्या कडा जाड होतात हेही त्याच डोळ्यानं बघितलं. त्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत गेला. आधी विणकामाचे टाके सुटायला लागले, मग त्या जिन्यावर चाचपडायला लागल्या. एके दिवशी त्यांनी मला ताई समजून हाक मारली आणि चूक लक्षात आल्यावर हातातलं विणकाम गुंडाळून ठेवलं.

ताईंनी विचारलं, "आई, ऑपरेशन करून घेऊ या ना?"

सासूबाई गप्प बसल्या. ताईंनी ओढणी सारखी केली. ठरलं तर.

आदल्या दिवशी दादा त्यांना माप घ्यायला घेऊन गेले. मापाच्या खोलीत मशीन चालवणारा एक तंत्रज्ञ आहे, आम्ही त्याला मोजणीवाला म्हणतो. मशीनसमोर हनुवटी टेकवून स्थिर बसायचं असतं. सासूबाईंची मान सारखी हलत होती, डोळा सारखा मिटत होता. मोजणीवाल्यानं आलेलं माप भरवशाचं नाही म्हणून पुसून टाकलं आणि दादांना सांगितलं, उद्या सकाळी ऑपरेशनच्या आधी परत बसवू. दादांनी मान डोलावली आणि घरी येऊन वर्तमानपत्र उघडलं. त्यांना वाटलं, बायको त्याच हॉस्पिटलात आहे, भावजय तिथंच आहे, यांना ठाऊक नसेल होय. आम्हाला वाटलं, माप झालं. या घरातले पुरुष बोलायचं सोडून बाकी सगळं वेळेवर करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई हॉस्पिटलात आल्या आणि आमच्या लोकांनी जे केलं ते केवळ प्रेमापोटी केलं. इतर पेशंट बाकावर रांगेत बसतात, रांग मापाच्या खोलीसमोरून पुढे सरकते, आणि कुणाचं काही राहिलं असेल तर मोजणीवाला तिथंच त्याला आत ओढतो. पण ही तर चौकटताईंची सासू आणि धाकटीचीही. त्यांना कशाला रांगेत बसवायचं? सिस्टर लोकांनी त्यांना मागच्या दारानं थेट आत आणलं, डोळ्यात थेंब घातले, डोक्याला हिरवी टोपी घातली, भुवईवर पट्टी चिकटवली, पाठीला उशी दिली. मोजणीवाला बाकाकडे नजर लावून त्यांची वाट बघत राहिला. त्याला वाटलं, म्हातारी घाबरून आलीच नाही.

मी माझ्या खोलीत होते. सासूबाईंच्या आधी एका शिंप्याचं ऑपरेशन होतं. त्याचा नंबर साडेएकवीस, त्याची डबी मी दिली, त्याचं काम छान झालं. मग मी यादीत सासूबाईंच्या नावावर क्लिक केलं. वरच्या चौकटीत त्यांचं नाव आलं, डावा डोळा. मी मोठ्यानं वाचलं. माझ्या जोडीदारणीनं खालची चौकट वाचली.

"साडेएकवीस."

शिंप्याचाही तोच होता. पण हा काही दुर्मिळ नंबर नव्हे, लागोपाठ दोघांचा एकच निघाला असं पुष्कळदा होतं. मी कपाट उघडून डबी काढली. आपल्या माणसाच्या डोळ्यात जाणारं भिंग हातात घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. काचेपलीकडे सासूबाई टेबलावर आडव्या होत्या. डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले होते.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "परत क्लिक कर."

ताई दारात उभ्या होत्या. एरवी त्या वरच्या खोलीतून खाली उतरत नाहीत. सासूबाईंना बघायला म्हणून आल्या होत्या, पण बघत होत्या माझ्या पडद्याकडे. कामाच्या वेळी माझ्या खोलीत लुडबुड केलेली मला खपत नाही, मग ती जाऊबाईंनी का केलेली असेना. मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, आता काय झालं?

"खालची चौकट हलली नाही," त्या म्हणाल्या. "नाव बदललं तेव्हा खाली काहीच हललं नाही. नंबर नव्यानं आला असता तर एक श्वास लागला असता."

मी म्हटलं, तोच नंबर परत आला तर हललेलं कळणार कसं? पुढे होऊन त्यांनी माझ्या हातातला माउस घेतला. सासूबाईंच्या नंतर यादीत एक बसचालक होता. त्याच्या नावावर त्यांनी क्लिक केलं. वर त्याचं नाव आलं आणि एका श्वासानं खाली नंबर आला, तेवीस. मग त्यांनी पुन्हा सासूबाईंच्या नावावर क्लिक केलं. वर सासूबाईंचं नाव आलं. खाली तेवीसच राहिले.

आम्ही तिघी वाट बघत राहिलो. तेवीस जागचे हलेनात.

माझ्या हातात साडेएकवीसची डबी होती आणि पडद्यावर त्याच बाईच्या नावाखाली तेवीस लिहिलेलं होतं. मी वरचं नाव बरोबर वाचलं होतं, जोडीदारणीनं खालचा नंबर बरोबर वाचला होता, आणि ते दोन्ही एकमेकांचे नव्हते. सासूबाईंचं माप मशीनमध्ये नव्हतंच. सर्व्हरकडे सांगायला काही नव्हतं म्हणून तो गप्प बसला, आणि खालच्या ताटात आधीच्या माणसाचं जेवण तसंच पडून राहिलं.

इतकी वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो हा असा समोर आला आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. मी ताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो पांढरा पडला होता. पण त्या एवढ्याशाही घुटमळल्या नाहीत. थेटरचं दार अर्धं उघडून, उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता, अगदी रोजच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाई, थांबा. पडद्यावरचा नंबर आईंचा नाही."

डॉक्टरबाईंनी मान वर केली.

"सकाळपासूनचे सगळे नंबर तपासायला लागतील," ताई पुढे म्हणाल्या. "माप नसलं तर खालची चौकट आधीचाच नंबर दाखवत राहते. हे मशीननं केलेलं नाही. मी केलंय."

आत आठ-दहा माणसं होती. वाकून उभे असलेले मदतनीस, भूल देणारे डॉक्टर, शिकाऊ सिस्टर, सगळ्यांच्या नजरा ताईंवर. कुणी म्हणालं असतं की तुमच्या चौकटी तर खोटं बोलत नव्हत्या ना, तर त्या काय बोलणार होत्या? पण कुणीच तसं म्हणालं नाही. डॉक्टरबाईंनी शांतपणे हातमोजे काढले आणि सांगितलं की मग आधी तपासूनच घेऊ या, कुणाला घाई आहे. त्यांच्या जागी मी असते तर चार शब्द सुनावले असते. म्हणून त्या डॉक्टर आहेत आणि मी कपाट सांभाळते.

ताईंनी मोजणीवाल्याला बोलावलं. तो मशीनवरचा एकेक नंबर वाचत गेला, मी दिलेल्या डब्यांची रिकामी वेष्टनं एकेक करून समोर धरत गेले. शिंपी, त्याच्या आधीची आजी, तिच्या आधीचे मास्तर, सगळ्यांचं माप मशीनमध्ये होतं आणि सगळ्यांना आपापलंच भिंग गेलं होतं. मागच्या दिवसांचेही त्यांनी तपासायला लावले. तेही ठीक निघाले. माप नसलेला माणूस रांगेतून आजवर निसटलाच नव्हता. निसटल्या त्या आमच्या सासूबाई, कारण आम्ही त्यांना रांगेत बसू दिलं नव्हतं. शेवटचं वेष्टन खाली ठेवल्यावर ताई मटकन स्टुलावर बसल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही, यावरून काय ते समजा.

राहिलं सासूबाईंचं माप. त्यांना चाकाच्या खुर्चीतून मापाच्या खोलीत आणलं. थेंबांमुळे बाहुली मोठी झालेली, डोक्यावर हिरवी टोपी तिरकी झालेली. मोजणीवाल्यानं त्यांची हनुवटी मशीनवर टेकवली. मान हलली. पुन्हा टेकवली, पुन्हा हलली. तो बिचारा कालच्यासारखाच हात टेकायच्या बेतात आला.

ताई खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसल्या. म्हणाल्या, "आई, ऑपरेशन करायचं ना?"

सासूबाई गप्प. मी सवयीनं तोंड उघडलं, हो म्हणतायत त्या, चालू द्या, असं सांगणार होते. ताईंनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं. त्यांनी ओढणी सारखी केली नाही. 'ठरलं तर' म्हणाल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, त्याच्या चाकांचा आवाज दूर जाऊन विरला, तरी त्या बसूनच होत्या. मला ते सहन होईना. आमच्या घरात एवढा वेळ कुणी कुणाच्या उत्तरासाठी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मला भीती वाटते," सासूबाई म्हणाल्या.

आवाज एवढा बारीक होता की मोजणीवाल्यानं मशीनचा पंखा बंद केला.

"एकच आहे गं. हाही गेला तर तुमच्या नुसत्या आवाजांवर जगायचं. काल या मशीनसमोर बसले आणि तेच मनात आलं."

ताई म्हणाल्या, "मग बोलला का नाहीत, आई? मी विचारलं होतं ना."

"विचारतेस," सासूबाई म्हणाल्या, "पण थांबतेस कुठं?"

ताईंना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मोठ्यानं नाही, पण ओढणीच्या टोकानं डोळे पुसत, आजूबाजूला माणसं आहेत याची पर्वा न करता. मला वाईट वाटलं आणि त्यांचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, चुकलं माझं. एका दिवसात दुसऱ्यांदा. मग नाक पुसून, सरळ बसून, पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता थांबलेय. हो की नाही, ते तुम्ही सांगायचं."

सासूबाईंनी नीट विचार केला. मग म्हणाल्या, "आज नको. उद्या परत विचार."

डॉक्टरबाईंना निरोप गेला. त्यांनी यादीतलं पुढचं नाव घेतलं, आणि ज्यांचा नंबर तेवीस होता ते बसचालक आत गेले. सासूबाई टोपी काढून, केस सारखे करून, दादांच्या हाताला धरून घरी गेल्या. दादांची त्या संध्याकाळी ताईंनी जी हजेरी घेतली तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ते आमचे वडीलधारे आहेत.

ताई तडक वरच्या खोलीत गेल्या. दुपारी जेवायला खाली आल्या तेव्हा काम झालेलं होतं. आता सर्व्हर कधीच गप्प बसत नाही. नावावर क्लिक केलं की खालची चौकट आधी पुसली जाते. नंबर असेल तर तो येतो, आणि नसेल तर लाल अक्षरांत येतं, 'यांचं माप अजून झालेलं नाही.' शिवाय खालच्या उत्तराबरोबर पेशंटचं नावही येतं, त्यामुळे एकच नाव दोन्ही चौकटींत दिसतं. आमचा वाचायचा रिवाजही बदलला. मी वरचं नाव वाचते, जोडीदारीण खालचं नाव वाचते, ती जुळली तरच नंबराकडे बघायचं. एका सिस्टरनं कुरकुर केली की लाल अक्षरं बघून धडकी भरते. ताई म्हणाल्या, भरायलाच हवी. आणि त्या जेवायला बसल्या. दुसरी एखादी बाई महिनाभर तोंड लपवून हिंडली असती. ताईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्या सिस्टर लोकांना माझ्याच खोलीत जमवलं, आधी काय चुकलं होतं ते पडद्यावर करून दाखवलं, मग आता काय होतं ते दाखवलं, आणि शंका असतील तर विचारा असं सांगून हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. चूक केली तीसुद्धा त्यांनी बरोबर असल्याच्या थाटातच सांगितली. या बाईपुढे मी हात टेकले आहेत.

घरी मात्र त्या रोज विचारायच्या. संध्याकाळी सासूबाई विणायला बसल्या की समोर स्टूल ओढून बसायच्या. आई, करायचं का? आणि मग थांबायच्या. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, नको. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की दुखतं का. एकदा म्हणाल्या, मला त्या टेबलावर एकटीला सोडून तुम्ही दोघी काचेपलीकडे उभ्या असता, ते मला आवडत नाही. ताईंनी डॉक्टरबाईंना विचारून मला हात धरायला आत उभं राहायची परवानगी आणली. जाता जाता सासूबाईंनी हेही सांगून टाकलं की ते पडदे त्यांना कधीच आवडले नव्हते. जुने निळे पडदे ट्रंकेतून निघाले आणि परत लागले. मला नवे आवडत होते, पण मला कोण विचारतं.

मग एका संध्याकाळी ताईंनी अजून विचारलंही नव्हतं, नुसतं स्टूल ओढलं होतं, तर सासूबाई विणकामातून मान वर न करता म्हणाल्या, "हो. उद्या चल."

या वेळी त्या बाकावर रांगेत बसल्या, सगळ्यांसारख्या. मशीनसमोर त्यांची मान दगडासारखी स्थिर होती. नंबर निघाला एकोणीस. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवशी साडेएकवीस बसवलं असतं तर आजी आंधळ्या झाल्या नसत्या, पण दूरचं सगळं धूसर राहिलं असतं आणि त्याच एकुलत्या डोळ्यात दुसऱ्यांदा शस्त्र घालायची वेळ आली असती. मी डबी आणायला गेले. पडद्यावर वर सासूबाईंचं नाव, खाली सासूबाईंचं नाव, आणि एका श्वासानं एकोणीस. मी वाचलं, जोडीदारणीनं वाचलं, आणि माझ्यामागे उभं राहून ताईंनीही वाचलं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं तरी.

आत मी सासूबाईंचा हात धरून उभी होते. मध्येच एकदा त्यांनी माझं बोट घट्ट दाबलं. बाकी सगळं सुरळीत झालं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय आजी, दिसतंय का?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी ताईंकडे बघितलं, ताई सासूबाईंकडे बघत होत्या. कुणीच त्यांच्या वतीनं उत्तर दिलं नाही. सासूबाईंनी सावकाश मान फिरवली. खिडकी बघितली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघून जरा हसल्या. मग त्यांची नजर ताईंवर येऊन थांबली आणि तिथंच राहिली.

"थोरले," त्या म्हणाल्या, "तू एवढी दमलीस कधी गं? कुणी विचारलंच नाही का तुला?"

माझ्या ताई, ज्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं, आणि तेही बरोबर असतं, त्या गप्प राहिल्या. मी त्यांच्या वतीनं काहीतरी बोलणार होते, विनोद करणार होते. पण सासूबाईंनी हात वर करून मला थांबवलं. मग त्या उशीला टेकून बसल्या आणि ताईंच्या उत्तराची वाट बघत राहिल्या.